कॅम्प एडवर्ड्स: चांदमारीखालचं पाणी

भूजलशास्त्र शिकलेल्या माणसाला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या केप कॉडचं नाव पाठ्यपुस्तकातून ठाऊक असतं. वाळूतून पाणी कसं चालतं आणि त्यात विरघळलेला पदार्थ कसा पसरत जातो, हे जगात ज्या मोजक्या ठिकाणी फार बारकाईने मोजलं गेलं त्यांपैकी हे एक. १९८५ साली तिथे भूजलात ब्रोमाइड, म्हणजे पाण्यासोबत वाहणारा एक क्षार, सोडून त्याचा माग हजारो बिंदूंवर काढला होता. मीही तो प्रयोग शिकलो, त्याचे आलेख वहीत काढले. पण अमेरिकेच्या त्या टोकाच्या वाळूतलं पाणी इतकं तपासायची वेळ मुळात का आली, हा प्रश्न कित्येक वर्षं मनात आला नाही. उत्तर फार साधं होतं. वरच्या बाजूला सैन्याची छावणी होती आणि तिचं सांडपाणी जमिनीखालून चालत एका गावाच्या विहिरीपर्यंत पोचलं होतं.

ती छावणी म्हणजे कॅम्प एडवर्ड्स. मॅसॅच्युसेट्स राज्याने आपल्या फौजेच्या सरावासाठी १९३५ साली जागा घ्यायचं ठरवलं आणि ती उभी राहिली. १९९७ साली केंद्राच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, तिथला तोफांचा आणि उखळी तोफांचा मारा थांबवायला लावला. पिण्याच्या पाण्यासाठी लष्करी सराव आदेशाने बंद झाल्याचं असं उदाहरण अमेरिकेत त्याआधी नव्हतं. या दोन तारखांच्या मधल्या बासष्ट वर्षांत काय घडलं, आणि त्यानंतर राज्याने काय मार्ग काढला, तेवढंच इथे मांडायचं आहे.

राज्याची फौज

आपल्याकडे राज्याला स्वतःचं सैन्य नसतं. राज्य राखीव पोलीस दल आहे, पण ते पोलीस. फौजा होत्या त्या संस्थानांच्या. ग्वाल्हेर, बडोदा, कोल्हापूर यांच्या फौजा स्वातंत्र्यानंतर भारतीय सैन्यात मिसळल्या. अमेरिकेत मात्र प्रत्येक राज्याचा नॅशनल गार्ड असतो. त्यातले जवान एरवी शिक्षक, सुतार, दुकानदार असतात. महिन्याचा एखादा शनिवार-रविवार आणि वर्षातले सुमारे दोन आठवडे सराव करतात. पूर आला, वादळ झालं तर गव्हर्नर त्यांना बोलावतो. हा गव्हर्नर निवडून आलेला असतो, म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यासारखा; आपला राज्यपाल डोळ्यांपुढे आणू नये. युद्ध लागलं की हेच जवान केंद्राच्या हुकमाखाली जातात.

मॅसॅच्युसेट्सला या परंपरेचा फार अभिमान आहे, आणि तो साधार आहे. १३ डिसेंबर १६३६ रोजी तिथल्या वसाहतीच्या सभेने गावोगावच्या सशस्त्र टोळ्या एकत्र करून तीन रेजिमेंटा बांधायचा ठराव केला. तो दिवस आजही संपूर्ण अमेरिकेच्या नॅशनल गार्डचा स्थापनादिन मानला जातो. अशा राज्याला आपल्या फौजेसाठी हक्काची जागा हवी होती, यात नवल काही नाही. बोस्टनजवळच्या फ्रेमिंगहॅमला जुना तळ होता, पण तो पायदळाच्या कवायतीपुरता. तोफांचा पल्ला वाढला तशी तो पल्ला सामावणारी जमीन लागू लागली. बोस्टनच्या भोवती वस्ती दाट. तेव्हा नजर दक्षिणेकडे, समुद्रात वाकवलेल्या हातासारख्या पसरलेल्या केप कॉडकडे गेली.

ओसाड म्हणून निवडलेली जागा

१९३५ मध्ये गव्हर्नर जेम्स मायकेल कर्ली यांनी जमीनखरेदीच्या कायद्यावर सही केली. बॉर्न, सँडविच, मॅशपी आणि फॅल्मथ या चार गावांच्या मधला हा पट्टा. खुरटे पाइन, झुडपी ओक, वणव्याने वारंवार होरपळणारं रान. शेतीला नालायक; पाणी पडलं की वाळूत नाहीसं होतं. सराव करणाऱ्या फौजेला याहून चांगलं काय हवं? पावसानंतर तासाभरात चिखल निघून जातो, खंदक कोरडे राहतात, गोळा चुकून कुठे पडला तरी माणूस मरत नाही.

कागदोपत्री हे सगळं बरोबरच होतं. मंदीचा काळ होता, केंद्राच्या रोजगार योजनेतून, म्हणजे डब्ल्यूपीएतून पैसा आला, बेकार माणसांना काम मिळालं. १९४० पर्यंत ६३ इमारती आणि हिरवळीच्या दोन धावपट्ट्या तयार झाल्या. छावणीला नाव दिलं मेजर जनरल क्लॅरन्स एडवर्ड्स यांचं. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढलेल्या २६व्या डिव्हिजनचे ते सेनापती. ही डिव्हिजन न्यू इंग्लंडच्या, म्हणजे ईशान्य अमेरिकेच्या, राज्यांतल्या गार्डच्या जवानांची होती, आणि एडवर्ड्स त्यांना अतिशय प्रिय होते. धावपट्टीला मिळालेलं ओटिस हे नाव गार्डच्याच एका डॉक्टरचं. बोस्टनच्या रुग्णालयात काम करणारे हे लेफ्टनंट १९३७ मध्ये विमान अपघातात गेले.

नावांबद्दल मुद्दाम लिहितो आहे. कारण पुढे जे झालं ते वाचताना छावणी म्हणजे कुणी परकी, बाहेरून लादलेली गोष्ट असं वाटू शकतं. ती तशी नव्हती. ती त्या राज्याच्या लोकांची, त्यांच्या माणसांच्या नावाची, त्यांच्याच पोरांच्या सरावाची जागा होती.

चार महिन्यांत शहर

१९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडलं आणि अमेरिकेने सैन्य वाढवायला घेतलं. केंद्राच्या लष्कराने कॅम्प एडवर्ड्स राज्याकडून भाडेपट्ट्याने घेतला. सप्टेंबरपासून बांधकाम सुरू झालं आणि सुमारे चार महिन्यांत तीस हजार सैनिक राहतील एवढं गाव उभं राहिलं. कामावर अठरा हजारांवर माणसं होती. ऐन भरात दिवसाला तीस इमारती पुऱ्या होत होत्या. एका जागी लाकूड कापायचं, दुसरीकडे भिंती जोडायच्या, तिसरीकडे उभ्या करायच्या, अशी ती पद्धत पुढे इतर छावण्यांनीही उचलली.

जानेवारी १९४१ मध्ये २६वी डिव्हिजन इथे दाखल झाली. पुढच्या वर्षांत विमानवेधी तोफांचं शिक्षण इथे होई. होड्यांतून किनाऱ्यावर उतरायचं शिक्षण देणाऱ्या इंजिनिअरांच्या तुकड्या इथेच बांधल्या गेल्या. १९४४ मध्ये जर्मन युद्धकैदी आले. त्यात जर्मन सेनापती रोमेलच्या आफ्रिकेतल्या फौजेचेही लोक होते. त्या सप्टेंबरात मोठं चक्रीवादळ झालं तेव्हा याच कैद्यांनी आसपासच्या क्रॅनबेरीच्या दलदली साफ करायला मदत केली. क्रॅनबेरी हे तिथलं नगदी पीक. वाळूच्या सखल भागात पाणी खेळवून ते घेतात. ही शेतं पुढे पुन्हा येतील.

युद्ध संपलं. १९४८ पासून धावपट्टीचा भाग ओटिस हवाई दल तळ झाला. शीतयुद्धाच्या वर्षांत इथून रडारवाहू विमानं अटलांटिकवर गस्त घालत. राष्ट्राध्यक्ष केनेडींचं उन्हाळी घर जवळच हायनिस पोर्टला, त्यामुळे त्यांचं विमान इथेच उतरायचं. त्यांचा मुलगा पॅट्रिक ७ ऑगस्ट १९६३ रोजी याच तळाच्या रुग्णालयात अपुऱ्या दिवसांचा जन्मला आणि दोन दिवसांनी बोस्टनच्या रुग्णालयात वारला. १९७० च्या दशकात हवाई दलाचा नियमित पसारा हलला आणि जागा पुन्हा मुख्यतः गार्डच्या हाती आली. छावणीचा इतिहास सांगणारे बहुतेक लोक इथे थांबतात: इमारती, डिव्हिजन, विमानं, पाहुणे. माझ्या मते खरी गोष्ट या सगळ्याच्या वीस-पंचवीस मीटर खाली चालू होती.

खाली काय आहे

केप कॉड हा हिमनदीने टाकलेला गाळ आहे. हिमयुगाच्या शेवटी, वीस ते पंधरा हजार वर्षांपूर्वी, बर्फ मागे हटला आणि वितळलेल्या पाण्याने वाळू-खडीचं मैदान पसरून ठेवलं. मधेमधे बर्फाचे प्रचंड तुकडे गाडले गेले होते. ते विरघळले तिथे खड्डे झाले, त्यांत तळी साठली. या वाळूत नद्या फारशा नाहीत. वर्षाला साधारण ४५ इंच पाऊस-बर्फ पडतं, त्यातलं जवळजवळ ६० टक्के सरळ जमिनीत मुरतं.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा आकडा नीट कळावा म्हणून सांगतो. आपल्या काळ्या कातळात, म्हणजे दख्खनच्या बेसाल्टमध्ये, पडलेल्या पावसापैकी दहा-बारा टक्के मुरलं तरी आपण समाधानी असतो. शेततळी, बांध, चर हे सगळं त्या दहाचे बारा व्हावेत म्हणून. तिथे काही न करता साठ टक्के मुरतं. वरदानच म्हणायचं. पण जे पाणी असं विनाअडथळा खाली जातं, ते वर सांडलेलं काहीही सोबत घेऊन जातं. आपल्याकडे माती आणि मुरूम थोडंफार गाळतात, धरून ठेवतात. तिथल्या स्वच्छ भरड वाळूला धरून ठेवायला फारसं काही नसतं.

हे मुरलेलं गोडं पाणी वाळूत भिंगाच्या आकारात साठलं आहे. मधे फुगलेलं, कडेला समुद्राकडे पातळ होत गेलेलं. म्हणूनच त्याला सॅगामोर लेन्स म्हणतात. ताटात पीठ ओतल्यावर मधे जसा ढीग होतो, तसा पाण्याचा ढीग. आणि पाणी ढिगाच्या माथ्यावरून सगळ्या दिशांना हळूहळू उतरतं. या पाण्याचा माथा नेमका छावणीच्या खाली आहे. म्हणजे छावणीत जे जमिनीत जाईल ते एका गावाकडे जाणार नाही. उत्तरेला, दक्षिणेला, पूर्वेला, पश्चिमेला, चारही गावांकडे जाईल. १९३५ मध्ये जागा निवडताना नकाशावर बघणाऱ्याला ही गोष्ट दिसणं शक्य नव्हतं. मी त्यांना दोष देत नाही. त्या काळी भूजलाचा विचार कुठलीच छावणी बांधताना होत नव्हता.

पाण्याचा वेग? दिवसाला साधारण एक फूट. ऐकायला काहीच नाही. पण वर्षाला ते सव्वाशे यार्डांच्या घरात जातं, आणि तीस वर्षांत तीन किलोमीटरच्या पुढे. १९४० मध्ये संपूर्ण बार्नस्टेबल काउंटीत, म्हणजे जवळजवळ अख्ख्या केपवर, ३७ हजार माणसं होती. १९८० मध्ये ती १ लाख ४८ हजारांच्या जवळ पोचली. खालून पाणी येत होतं आणि वरून घरं सरकत होती. गाठ पडायला वेळ लागला, इतकंच.

फेस

पहिला इशारा आला फॅल्मथमध्ये. १९७० च्या दशकाच्या अखेरीस गावाच्या अ‍ॅशुमेट खोऱ्यातल्या विहिरीच्या पाण्यात डिटर्जंट सापडलं आणि विहीर बंद करावी लागली. छावणीचं सांडपाणी १९३६ पासून प्रक्रिया करून वाळूच्या उघड्या वाफ्यांत सोडलं जात होतं. तेव्हाची ती मान्य पद्धत होती: वाळू गाळेल, निसर्ग बाकीचं करील.

अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाने त्या वाफ्यांपासून खाली बोअर घेत घेत माग काढला. प्रदूषित पाण्याचा पट्टा दोन मैलांहून लांब निघाला. आणि त्या पट्ट्यात एक विलक्षण गोष्ट होती. वाफ्यांच्या जवळच्या पाण्याला फेस येत नव्हता; दूरच्या, पुढे गेलेल्या पाण्याला येत होता. कारण १९६४ च्या सुमारापर्यंत वापरात असलेली धुण्याची पावडर जिवाणूंना पचत नसे, नंतरची पचे. म्हणजे फेस येणारं पाणी हे चौसष्टच्या आधी कुणा सैनिकाने कपडे धुतलेलं पाणी होतं. प्रयोगशाळेत नमुन्याची बाटली हलवली की पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या धोबीघाटाचा फेस वर यायचा. पाणी आपल्या वयाचा दाखला सोबत घेऊन चालत होतं. भूजल विसरत नाही हे वाक्य आम्ही वर्गात सहज बोलतो. इथे ते बाटलीत दिसत होतं.

एकदा शोधायला घेतल्यावर एकामागून एक पट्टे सापडत गेले. विमानांचे भाग धुण्याचे क्लोरीनयुक्त द्रावक. गळक्या टाक्यांचं आणि नळांचं इंधन. रडारवाहू विमानांच्या टाक्यांच्या झडपा तपासताना जमिनीवर सोडून दिलेलं पेट्रोल, आणि त्या जुन्या शिसेयुक्त पेट्रोलमधलं इथिलीन डायब्रोमाइड. हे शेवटचं रसायन १९९० च्या दशकात कूनामेसेट नदीत आणि तिच्या काठच्या क्रॅनबेरीच्या शेतांत वर आलं. ज्या दलदली अर्ध्या शतकापूर्वी छावणीतल्या कैद्यांनी वादळानंतर साफ केल्या होत्या, त्याच पिकाच्या शेतात आता छावणीचं पाणी उगवत होतं.

१९८२ मध्ये ईपीएने हा जलसाठा परिसराचा एकमेव पेयजलस्रोत म्हणून जाहीर केला. त्याच सुमारास छावणीवर सफाईचा कार्यक्रम सुरू झाला. फॅल्मथ आणि मॅशपीतल्या ज्या घरांच्या खासगी विहिरी खराब निघाल्या, त्यांना गावाच्या नळाला जोडून दिलं. नोव्हेंबर १९८९ मध्ये छावणी देशातल्या सर्वांत दूषित जागांच्या राष्ट्रीय यादीत गेली. मग एक मोठा आराखडा झाला: सगळे पट्टे एकदम अडवायचे, पाणी उपसून शुद्ध करून परत सोडायचं. तपासात दिसलं की एवढा उपसा केला तर तळी आणि पाणथळी आटतील. १९९६ मध्ये तो आराखडा बाजूला ठेवून प्रत्येक पट्ट्याचा वेगळा विचार सुरू झाला. सफाईच्या घाईत नवीन नुकसान करायचं नाही, हा धडा त्यांनी वेळेत घेतला याबद्दल मला त्या अभियंत्यांविषयी आदर आहे.

चांदमारी

इथपर्यंतचं प्रदूषण हे वस्तीचं आणि विमानतळाचं होतं. शहरं आणि कारखानेही असंच करतात. लष्करी सरावाला अजून कुणी हात लावला नव्हता. छावणीच्या मधोमध सुमारे २,२०० एकरांची लक्ष्यभूमी होती. तिच्या भोवती तोफांच्या आणि उखळी तोफांच्या जागा, बंदुकीच्या चांदमारीचे पट्टे, स्फोटकं नष्ट करायचे खड्डे. जुनी रणगाड्यांची धुडं लक्ष्य म्हणून उभी. दशकानुदशकं गोळे तिथे पडत होते. समज असा की स्फोट झाला म्हणजे दारू जळून गेली, उरलं ते लोखंड.

पूर्ण स्फोट झाला तर हे जवळजवळ खरं आहे. पण काही गोळे अर्धवट फुटतात. कवच तडकतं आणि आतलं स्फोटक ढेकळांच्या, कणांच्या रूपात आजूबाजूला विखुरतं. काही फुटतच नाहीत, पडून गंजतात. मग पावसाचं काम सुरू होतं. इथे दोन स्फोटकांतला फरक समजून घेतला पाहिजे. टीएनटी मातीला चिकटतं, जिवाणूंकडून बदललं जातं. फार खोल जात नाही. आरडीएक्स मातीला जवळपास चिकटत नाही. ते हळूहळू विरघळतं आणि एकदा विरघळलं की पाण्याच्या वेगाने पाण्यासोबत चालतं.

आरडीएक्स हा शब्द मुंबईत १९९३ नंतर प्रत्येक घराला माहीत झाला. आपल्यासाठी तो एका शुक्रवारच्या दुपारचा आवाज आहे. केप कॉडच्या लोकांना तोच शब्द पाण्याच्या तपासणीच्या कागदावर वाचायला मिळाला. पिण्याच्या पाण्यात आयुष्यभरासाठी त्याची सुरक्षित पातळी ईपीएने धरली आहे अब्ज भागांत दोन भाग. हिशेब करून बघा: दहा हजार लिटरचे अडीच टँकर, आणि त्यांत एक थेंब. एवढं तपासायचं होतं. म्हणूनच वर्षानुवर्षं कुणाला काही दिसलं नव्हतं. त्याला फेस येत नाही, वास नाही, रंग नाही.

याच काळात केपच्या वरच्या भागात काही कर्करोगांचं प्रमाण राज्याच्या सरासरीहून जास्त असल्याचं दिसत होतं. लोकांनी ते छावणीशी जोडलं. बोस्टन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी १९९१ मध्ये मोठा अभ्यास पुरा केला. त्यातून छावणीच कारण आहे असं ठाम सिद्ध झालं नाही. पण सिद्ध झालं नाही म्हणजे भीती खोटी होती असं नाही. ज्या आईच्या घरात आजार आहे आणि जिच्या नळाला ते पाणी येतं, तिने आकडेशास्त्राच्या निकालापर्यंत थांबावं अशी अपेक्षा करणं मला क्रूर वाटतं. स्थानिक लोक थांबले नाहीत. सभांमधून, पत्रांमधून त्यांनी एकच प्रश्न लावून धरला: टाक्या आणि गटारं तपासलीत, मग चांदमारीचं काय?

१९९७ चा आदेश

फेब्रुवारी १९९७ मध्ये ईपीएच्या न्यू इंग्लंड कार्यालयाने गार्डला लक्ष्यभूमीखालचं पाणी तपासायचा आदेश दिला. त्याच वसंतात दुसरा आदेश आला: तपास पुरा होईपर्यंत तोफा आणि उखळी तोफांचा मारा बंद, शिशाच्या गोळ्या बंद, धूर-प्रकाशाची दारू बंद, स्फोटकं उडवून नष्ट करणं बंद. अपवाद फक्त जीवाला तातडीचा धोका असलेल्या न फुटलेल्या गोळ्यांचा. आधार होता १९७४ चा सुरक्षित पेयजल कायदा. तो कायदा सांगतो की पाणी लोकांच्या जिवाला घातक ठरू शकेल अशी स्थिती दिसली तर संस्थेला तातडीने पाऊल उचलता येतं. माणसं आजारी पडेपर्यंत थांबायची गरज नाही.

गार्डचा विरोध होता आणि त्यांची बाजूही हलकी नव्हती. वर्षातले मोजके दिवस मिळणाऱ्या जवानाने गोळी झाडायला राज्याबाहेर जायचं? आज एका छावणीत बंदी आली तर उद्या देशभरातल्या चांदमाऱ्या बंद पडतील? पेंटागॉनलाही हीच चिंता होती. पण तपासाचे निकाल आले आणि वादाचा रोख बदलला. लक्ष्यभूमीखाली, स्फोटकं नष्ट करायच्या खड्ड्याखाली, पाण्यात आरडीएक्स होतं. त्यातला एक खड्डा तर हिमयुगाने तयार केलेल्या नैसर्गिक खळग्यात होता. पाऊस तिथेच साठून मुरायचा. दक्षिण-पूर्वेच्या चांदमारीच्या काही पट्ट्यांवर शस्त्रं बनवणाऱ्या कंपन्यांनी लष्करासाठी चाचण्या केल्या होत्या, आणि तेही पाण्याच्या ढिगाच्या माथ्याजवळ. जानेवारी २००० मध्ये पुढचा आदेश निघाला. आता फक्त तपास पुरेसा नव्हता, सफाई करायची होती.

त्या रानात आज हजाराहून जास्त निरीक्षण विहिरी आहेत. उपसलेलं पाणी सक्रिय कोळशातून आणि रेझिनमधून जातं आणि शुद्ध होऊन परत जमिनीत सोडलं जातं. खर्च एक अब्ज डॉलरच्या पुढे गेला आहे. १९३५ च्या खरेदीत त्या जमिनीला जी किंमत पडली असेल, तिच्याशी या आकड्याची तुलनाच होत नाही.

उलटवलेला क्रम

या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते पुढचं पाऊल, आणि ते राज्याने उचललं. जमीन शेवटी राज्याची होती. २००२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने कायदा केला. उत्तरेकडचे सुमारे १५,००० एकर, म्हणजे कॅम्प एडवर्ड्सचा बहुतेक भाग, कायमचा पाणी आणि वन्यजीवांसाठी राखीव. सराव करता येईल, पण त्या दोन हेतूंना बाधा न आणणाराच. म्हणजे १९३५ च्या कायद्यात जागा सरावासाठी होती. आता जागा पाण्यासाठी आहे आणि सराव तिथला पाहुणा. मासे-वन्यजीव, पर्यावरण आणि वनं-उद्यानं या राज्याच्या तीन खात्यांच्या प्रमुखांचा आयोग देखरेख करतो. त्याला सल्ला द्यायला एक शास्त्रज्ञांचं आणि एक स्थानिक लोकांचं मंडळ आहे.

आणि याच राखीव भागाच्या उत्तर बाजूला, जिथे पाणी स्वच्छ होतं, तिथे नव्या विहिरी घेऊन चारही गावांसाठी सामाईक पाणीपुरवठा उभा राहिला. छावणी नसती तर हे पंधरा हजार एकर १९६० ते १९९० च्या दरम्यान बंगल्यांनी आणि त्यांच्या शोषखड्ड्यांनी भरून गेले असते. केपवरचा एवढा सलग मोकळा तुकडा दुसरा उरलेला नाही. ज्या कुंपणाने खालचं पाणी नासवणाऱ्या कामाला आडोसा दिला, त्याच कुंपणाने वरचं रान राखलं. झुडपी ओकवर जगणारे दुर्मीळ पतंग, डबीसारखं कवच मिटणारी कासवं, धावपट्टीच्या गवतात घरटी करणारे पक्षी तिथे आजही आहेत. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक सांगून दुसरी लपवणारा माणूस या प्रकरणाशी प्रामाणिक नाही.

नवा क्रम लागला म्हणून चुका थांबल्या असं नाही. शिशाऐवजी १९९९ पासून टंगस्टन-नायलॉनच्या गोळ्या वापरल्या जात होत्या. पर्यावरणाला निर्धोक अशी त्यांची ख्याती होती, टंगस्टन विरघळत नाही असं मानलं जाई. २००६ मध्ये ते भूजलात सापडलं आणि त्या गोळ्याही बंद झाल्या. आधी खात्री, मग वापर, हे अजून अंगवळणी पडायचं होतं. परक्लोरेटचंही तसंच. रॉकेटच्या आणि इशाऱ्याच्या दारूतलं हे क्षार शरीरात आयोडीनची वाट अडवतं. २००२ मध्ये बॉर्नच्या विहिरींत ते अंशमात्र सापडलं आणि गावाने त्या विहिरी बंद ठेवल्या. तेव्हा देशात त्याला मर्यादाच ठरलेली नव्हती. २००६ मध्ये मॅसॅच्युसेट्सने ती ठरवली, अब्ज भागांत दोन भाग. परक्लोरेटसाठी पेयजलाचं मानक लागू करणारं ते अमेरिकेतलं पहिलं राज्य. छावणीने दिलेल्या त्रासातून निघालेला हा नियम राज्यातल्या प्रत्येक नळाला लागू झाला. अलीकडच्या वर्षांत आग विझवण्याच्या फेसातली पीएफएएस रसायनंही तिथल्या पाण्यात मिळाली आहेत, आणि निरीक्षण विहिरींच्या तपासण्यांत एका नव्या रकान्याची भर पडली आहे.

मशीनगनचा पट्टा

२०१३ मध्ये संपूर्ण जागेचं नाव जॉइंट बेस केप कॉड झालं. गार्डने मधल्या काळात चांगलं काम केलं आहे: जुने बांध खणून शिसं काढलं, गोळ्या अडवणारे नवे सापळे बसवले, पट्ट्यांवर नियमित तपासणी लावली. २००७ पासून काही पट्ट्यांवर शिशाच्या गोळ्यांना देखरेखीखाली परत परवानगी मिळाली. त्यानंतर गार्डने मोठा प्रस्ताव आणला. मशीनगनसाठी नवा पट्टा, आणि त्यासाठी राखीव भागातलं शंभराहून जास्त एकर रान साफ करायचं. मशीनगनच्या सरावासाठी जवानांना व्हर्मांट राज्यातल्या छावणीपर्यंत जावं लागत होतं. सरावाच्या दोन दिवसांतला बराच वेळ रस्त्यात जाई. तो वेळ वाचवायचा होता.

पंधरा हजार एकर नाही, शंभर-दीडशेच. गोळ्या तांब्याच्या. वापर मर्यादित. तरीही चारही गावांतले लोक पुन्हा सभांना आले. आता त्यांच्या हातात वीस वर्षांचे नकाशे होते, कुठल्या जागी पडलेला थेंब किती वर्षांनी कुठल्या विहिरीत पोचतो हे दाखवणारे. ईपीएने १९८२ च्या त्या एकमेव स्रोताच्या घोषणेचा आधार घेऊन प्रस्ताव तपासायला घेतला. कायदा म्हणतो की अशा स्रोताला मोठा धोका होईल असं काम केंद्राच्या पैशातून होऊ शकत नाही. एप्रिल २०२३ मध्ये संस्थेने आपलं मसुदा मत जाहीर केलं: या पट्ट्यामुळे जलसाठा दूषित होऊन लोकांच्या आरोग्याला मोठा धोका निर्माण होऊ शकतो.

१९९७ मध्ये आदेश निघाला तेव्हा गोळे पडून अर्धशतक उलटलं होतं. या वेळी पाण्याचा प्रश्न पहिलं झाड तोडायच्या आधी विचारला गेला.